राघूचा खोकला

यंदा कापूस चांगला फुटला आहे. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच चांदूर बाजाराकडून आणि मोर्शीकडून येणाऱ्या गाड्यांची रांग आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबते. गाड्या इतक्या फुगवून भरलेल्या असतात की रस्त्याकडेच्या बाभळी जाता जाता आपला वाटा काढून घेतात आणि काट्याकाट्याला पांढरे पुंजके लटकत राहतात. अमरावतीच्या लोकांना हे दिवस फार आवडतात. मला आवडत नाहीत. सकाळी ओट्यावर बसलो की धोतरावर कापसाचं तूस येऊन बसतं. मी ते झटकतो, ते पुन्हा येतं. जाणारा-येणारा विचारतो, "काय बापू, यंदा भाव कसा म्हनता?" मी सांगतो, मला काय विचारता, मी कापूस सोडून जमाना झाला.

परवा एक बाई गल्लीत आली. डोक्यावर टोपली, टोपलीवर जाळं आणि जाळ्याखाली चार-पाच राघू. परतवाड्याकडची होती. तिनं टोपली माझ्यापुढे उतरवली आणि एका राघूला बोटावर घेऊन म्हणाली, "घ्या ना बापा. लहान हाय अजून. जे आयकन ते बोलन." पक्षी खरंच गोड होता. चोच लालचुटूक, मान वाकडी करून एका डोळ्यानं माझ्याकडे पाहत होता. मी नको म्हणालो आणि घरात निघून गेलो. ती बिचारी बराच वेळ बाहेर उभी होती. तिला वाटलं असेल, म्हातारा भाव पाडून मागतो आहे.

ज्या हंगामाची मला आठवण झाली, त्या हंगामात मी तेवीस वर्षांचा होतो आणि माझ्या डोक्यात भलतीच हवा गेली होती. एकट्या माझ्याच नव्हे, सगळ्या वऱ्हाडाच्याच. दूर अमेरिकेत लढाई जुंपली आहे, तिकडचा कापूस अडकला आहे आणि विलायतेच्या गिरण्यांना आता आपला कापूस हवा आहे, एवढं लोकांना कळलं होतं. तेवढं पुरे होतं. ज्यांनी जन्मभर ज्वारी पेरली त्यांनी बांधापर्यंत कापूस पेरला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्याला कालपर्यंत गल्लीत कोणी ओळखत नव्हतं, तो मांडीवर मांडी टाकून बसू लागला. भाकरी महाग झाली, पण भाकरीकडे बघायला वेळ कोणाला होता? रानातल्या राघूंना मात्र तो बदल लगेच कळला. ज्वारीची कणसं नाहीत म्हटल्यावर त्यांचे थवेच्या थवे गावात येऊन कडुलिंबावर ओरडत बसायचे, आणि आमच्या घरचा राघू पिंजऱ्यातून त्यांना उत्तर द्यायचा.

हा राघू माझ्या बायकोनं, सगुणानं, माहेराहून आणला होता. तिचं माहेर परतवाड्याजवळ, डोंगराच्या पायथ्याशी. वादळात पडलेल्या झाडाच्या ढोलीत तिला हे पिल्लू सापडलं, तेव्हा अंगावर पीससुद्धा धड नव्हतं. हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, बोटावर घेऊन तिनं ते जगवलं. लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा पाठराखीण म्हणून तिच्यासोबत तिची मावशी आली होती. मावशी पाचव्या दिवशी परत गेली. राघू राहिला. माझी आई हसून म्हणायची, "सगुनाची खरी पाठराखीन तं हेच हाय."

पक्षी पाळणं म्हणजे पिंजरा टांगून दाणे टाकणं, असं मला वाटायचं. सगुणाचं तसं नव्हतं. सकाळी उठून पिंजऱ्यावरचं फडकं काढायचं, पण एकदम नाही. आधी अर्धं काढायचं, दोन शब्द बोलायचे, मग उरलेलं काढायचं. एकदम उजेड पडला की तो दिवसभर चिडलेला राहतो, असं तिचं म्हणणं. तळाची घाण खरवडून नवी राख पसरायची. पाण्याची वाटी रोज घासायची. डाळ भिजलेली, मिरची हिरवी, आणि जाम, म्हणजे पेरू, मिळाला तर बियांसकट. कडुलिंबाची एक ताजी काडी रोज लागे, चोच झिजवायला. पंखांची टोकं नवी आली की सगुणा ती स्वतः कातरायची. तेव्हा त्याला धरायचं काम माझं. तो माझा अंगठा फोडायचा आणि ती त्याच्यावर न रागावता माझ्यावर रागवायची, की धरता येत नाही धड. कातरून झालं की त्याला गुळाचा खडा मिळायचा. मला काही मिळायचं नाही. हे मी तेव्हाही बोलून दाखवायचो आणि ती तोंडाला पदर लावून हसायची. घरात ती हळूच हसायची. राघूशी बोलताना मात्र तिचा आवाज मोकळा असायचा. डोंगराकडची, झाडांची, आपल्या भावंडांची नावं घेऊन ती त्याला काय काय सांगत बसायची. मी जवळ गेलो की गप्प व्हायची.

माझा धंदा म्हणजे गावोगावचा कापूस घ्यायचा, घरी त्याची सरकी काढायची आणि रुईचे बोजे बांधून पुढे द्यायचे. आजच्यासारख्या वाफेच्या गिरण्या तेव्हा आमच्याकडे नव्हत्या. घराघरात चरकी असायची. एकावर एक दोन लाकडी लाट्या, एक दांडा. बाई खाली बसून उजव्या हातानं दांडा फिरवणार, डाव्या हातानं कापूस लाट्यांच्या तोंडात देणार. पलीकडून रुई निघणार, अलीकडे सरकी पडणार. हे काम आमच्याकडे ओसरीत चालायचं. उघडी ओसरी, समोर अंगण, शेजारणी येऊन बसायच्या, गप्पा व्हायच्या. वाऱ्यानं थोडी रुई उडून जायची, चिमण्या ती घरट्याला न्यायच्या, आणि त्याचं कोणाला काही वाटायचं नाही.

त्या वर्षी वाटू लागलं. उडालेल्या पुंजक्यामागे माणसं धावू लागली. अंगणात पडलेली रुई शेजारच्यांनी उचलली म्हणून जन्माची वैरं झाली. तेव्हा शहाण्या माणसांनी काय केलं, चरक्या आतल्या खोलीत नेल्या, दारं लावली, झरोक्यात चिंध्या कोंबल्या. वारा नाही, चोर नाही, एक तंतू वाया जाणार नाही. मीही शहाणाच होतो. आमच्या झरोक्यात चिंध्या मी माझ्या हातानं कोंबल्या आणि बाहेर येऊन, उजेड कुठून दिसतो का, हे पाहून घेतलं.

आधी दोन बाया मदतीला होत्या. त्यांना दुसरीकडे जास्त मजुरी मिळाली, त्या गेल्या. आई स्वयंपाक सांभाळायची आणि आमच्या तीन वर्षांच्या गोदीला सांभाळायची. राहिली सगुणा. सकाळी भाकरी खाऊन ती खोलीत जायची, आतून दार ओढून घ्यायची. दिव्याला तेल लागायचं, भर दिवसा. संध्याकाळी बाहेर यायची तेव्हा केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. गोदी तिला पाहून टाळ्या वाजवायची. "आई म्हातारी झाली, आई म्हातारी झाली." आम्ही सगळे हसायचो.

एकटं बसून ती कंटाळली असणार. तिनं तसं कधी म्हटलं नाही. एक दिवस मला म्हणाली, "राघूले आत घेऊन जाऊ का मी? बाहेर बोका टपून राह्यते." मी म्हणालो ने. त्या दिवसापासून दोघं दिवसभर त्या खोलीत. चरकीची कुरकुर राघूनं आठ दिवसांत उचलली. चरकी थांबली की तो सुरू करायचा, आणि बाहेर बसलेल्या मला काम चालू आहे असं वाटायचं. हेही आम्हाला गमतीचं वाटलं.

त्याच सुमारास मी रुई घेऊन अकोल्याला गेलो. तिथं नवी आगगाडी आली होती आणि स्टेशनाबाहेर नाना तऱ्हेच्या वस्तू विकायला ठेवल्या होत्या. मी एक पितळी पिंजरा घेतला. वर घुमट, घुमटाला कळस. येताना बैलगाडीत तो मांडीवर घेऊन बसलो होतो, उन्हात चमकत होता, वाटेतली माणसं बघत होती. घरी आल्यावर सगुणानं तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "बरा हाय," म्हणाली, "पन याच्या दांडीनं त्याचे पाय गार पडतीन." पितळी दांडी काढून तिनं कडुलिंबाची दांडी बसवली. मला राग आला. एवढ्या हौसेनं आणलेल्या वस्तूत तिनं खोडी काढली म्हणून मी त्या दिवशी तिच्याशी बोललो नाही.

आणखी एक गोष्ट तिनं केली. पातळ फडकं ओलं करून ती पिंजऱ्याभोवती गुंडाळायची. सुकलं की पुन्हा ओलं करायची. वाटीतल्या पाण्यावर तूस साचायचं म्हणून दिवसातून तीनदा पाणी बदलायची. पदराचं टोक भिजवून राघूच्या नाकपुड्या पुसायची. ही युक्ती तिला आमच्या शेजारच्या रहीमचाचांनी सांगितली होती. रहीमचाचा पिंजारी. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या कापूस पिंजण्यात गेल्या होत्या आणि हवेत उडणारा कापूस काय करतो हे त्यांना माहीत होतं. चाचांनी तिला सांगितलं ते तिच्यासाठी. तिनं केलं राघूसाठी.

खोकला कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी बाहेरून आलो होतो, पागोटं काढून खुंटीला लावत होतो, आणि बंद दारामागून खोकण्याचा आवाज आला. आधी दोन लहान, मग एक अर्धवट, गिळल्यासारखा. मी विचारलं, "कोन खोकून राह्यलं?"

आतून सगुणा म्हणाली, "राघू."

मी दार ढकललं तर ती चरकीला कापूस चारत होती आणि राघू दांडीवर बसून मान खालीवर करत होता. माझ्यासमोर तो खोकला. दोन लहान, एक गिळलेला. मी इतका हसलो की आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिच्यासमोरही तो खोकला. आईनं कपाळाला हात लावला. "बह्याड पाखरू! आता थो रहीमभाईचा खोकला उचलला वाट्टे." आमचं सगळ्यांचं तेच मत पडलं. रहीमचाचांची भिंत आमच्या भिंतीला लागून होती आणि ते दिवसभर खोकायचे. राघू शिकला असणार तर त्यांच्यापासूनच. सगुणाही हसली.

मग काय, गल्लीत ती एक करमणूक झाली. कोणी व्यापारी घरी आला की मी त्याला पानसुपारीआधी राघू दाखवायचो. "खोक रे बेटा," म्हणायचो. तो खोकायचा. मोठमोठी पागोटेवाली माणसं पोट धरून हसायची. गोदीही त्याची नक्कल करायची, तोंडावर मूठ धरून. दिवसभर खोलीतून खोकला यायचा आणि घरातलं कोणी मान वर करत नव्हतं. आवाज वाढला तेव्हा आई म्हणाली, "लई माजला राघू." रात्री अंथरुणात सगुणा खोकायची तेव्हा मी झोपलेला असायचो. दिवसभर हिंडून आलेला तेवीस वर्षांचा माणूस दगडासारखा झोपतो. हे कारण मी आजवर पुष्कळ वेळा स्वतःला दिलं आहे आणि ते खोटं नाही.

एकदा मी रहीमचाचांना राघूपुढे उभं केलं. म्हटलं, बघा तुमचा चेला. राघू खोकला. चाचा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा खोकायला लावलं, डोळे मिटून ऐकलं.

"बेटा, हा माहा खोकला नाही," ते म्हणाले. "माहा खोकला मले ठाऊक हाय. सुका हाय, खोल हाय. हे तं लहान्या छातीचं हाय."

"पाखराची छाती लहानच राहते ना चाचा."

"तोता आपल्या मनानं खोकत नाही. कोनाचं तरी उचलते. तू जरा घरात पाह्य."

मी म्हणालो, पाहतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मला परतवाड्याच्या बाजाराला जायचं होतं. मी गेलो.

माघ संपत आला होता. ऊन चढू लागलं होतं. मी दुपारचा घरी आलो तर पितळी पिंजरा अंगणात कडुलिंबाच्या फांदीला टांगलेला. राघूच्या अंगावर कोणी पाणी शिंपडलं होतं, तो पिसं फुगवून एकेक चोचीनं साफ करत होता. मी मिरचीच्या रोपाची एक मिरची तोडली आणि त्याच्यापुढे धरली. त्यानं ती पायात घेतली. तेवढ्यात घरातून खोकला आला. दोन लहान, एक गिळलेला. मग पुन्हा. मग एक लांबलचक, थांबेना असा.

राघू माझ्यासमोर मिरची खात होता.

मी खोलीचं दार उघडलं. उजेड आत गेला तशी हवेतली सगळी रुई दिसली. खोलीत श्वास घ्यायला जागा नव्हती. सगुणा चरकीपाशी वाकलेली होती, पदर तोंडात कोंबलेला. मला पाहून तिनं तो काढला आणि मुठीत लपवला.

"राघू बाहेर हाय," मी म्हणालो.

तिनं कपाळावरची रुई पुसली. मग म्हणाली, "हो. ऊन पडलं म्हून मीच ठेवला. आंग लई खाजवून राह्यला होता."

"कधीपासून हाय हे?"

"कायचं?"

"खोकला."

"मार्गशीर्षापासून असन."

"मंग सांगतलं काहून नाही मले?"

तिनं कापसाचा पुढचा बोळा उचलला, लाट्यांच्या तोंडाशी धरला आणि दांड्यावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता. खरंच विचारावं तसं तिनं विचारलं, "सांगतलं असतं तं चरकी थांबवली असती का तुमी?"

चरकी मी त्या क्षणी थांबवली, असं लिहायला मला आवडलं असतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलं नाही, पण चार दिवसांनी ते तिला मिळालं. अकोल्याला जाणारी गाडी चार दिवसांनी निघायची होती आणि बोजे अपुरे होते. मी झरोक्यातल्या चिंध्या काढल्या. दार उघडं ठेवलं. अडुळशाचा काढा केला, हकिमाकडून चाटण आणलं, तिच्या नाकातोंडाला ओलं फडकं बांधायला सांगितलं. हे सगळं करताना, आपण बायकोची केवढी काळजी घेतो, असं मला वाटत होतं. आणि ती चार दिवस चरकीवर बसली. पाचव्या दिवशी रुई गाडीत चढली. त्याच दिवशी आईला पदराच्या टोकाला रक्त दिसलं.

रहीमचाचांनी मला काही बोलून दाखवलं नाही. स्वतःची गाडी जोडून आणली, गवताची गादी घातली आणि म्हणाले, "हिले डोंगराकडे ने. इथं ठेवू नको." माहेरी न्यायचं ठरलं. जाताना सगुणा म्हणाली, राघूला नको नेऊ, गोदीला करमणार नाही. मग आईला पिंजऱ्याबद्दल सगळं सांगत बसली. डाळ किती वेळ भिजवायची, फडकं अर्धंच आधी काढायचं, वाटी राखेनं घासायची. आई हो हो म्हणत होती. गाडी चालू झाली तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं. स्वतःच्या तीन वर्षांच्या पोरीबद्दल तिनं एक शब्द सांगितला नाही. ते बहुधा तिला बोलवलंच नसतं.

चैत्र संपता संपता ती गेली. तिच्या भावाचा निरोप आला तेव्हा मी अकोल्यात होतो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिच्या आईनं माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत निघून गेली. तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

मी घरी परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीतून तिचा खोकला आला.

राघूला कोण सांगणार? तो आपल्या वेळेला खोकत होता. सकाळी एकदा, दुपारी पाच-सहा वेळा, दिवेलागणीला पुन्हा. दोन लहान, एक गिळलेला. प्रत्येक वेळी गोदी हातातलं टाकून चरकीच्या खोलीकडे धावायची आणि बंद दाराला दोन्ही हातांनी ढकलायची. "आई, दार उघड." तिला सांगून काही उपयोग नव्हता. दार उघडून रिकामी खोली दाखवली तर ती पोत्यांमागे शोधायची. शेवटी आई मला म्हणाली, "सोडून दे त्याले. माह्यानं हे आयकवत नाही." पण कातरलेल्या पंखांचा पक्षी सोडणार कुठे? अंगणाच्या भिंतीवर बोका बसलेलाच होता. मी पिंजरा गोठ्यात नेऊन टांगला. त्यावर जाड घोंगडं टाकलं. घोंगड्याखालून तो खोकायचा. बैल कान टवकारायचे. एकदा मी इतका संतापलो की पिंजरा उचलून जमिनीवर आपटला. घुमटाचा कळस वाकला. राघू एका कोपऱ्यात अंग चोरून बसला आणि थोड्या वेळानं खोकला. मी तिथंच शेणात बसून रडलो. ती गेल्यावर रडलो तो तेव्हा पहिल्यांदा.

त्यानंतर मी त्याला ओसरीत परत आणला आणि त्याचं सगळं स्वतः करू लागलो. फडकं आधी अर्धं, मग पूर्ण. तो माझा अंगठा फोडायचा, मी फोडू द्यायचो. पुढे तो पुष्कळ वर्षं जगला.

मधल्या काळात अमेरिकेतली लढाई संपली. कापूस धाडकन खाली आला. शिंगांवरच्या शेंब्या उतरल्या, मांडीवर मांडी टाकलेली माणसं पुन्हा पाय जवळ घेऊन बसू लागली. मी धंदा सोडला, शेती पाहू लागलो. चरकी माळ्यावर गेली. दुसरं लग्न कर म्हणून आई मागे लागली, मी केलं नाही. यात मोठेपणा काही नाही. ज्या घरात तो राघू खोकतो त्या घरात दुसरी बाई आणून बसवायची मला छाती झाली नाही, एवढंच.

घरात माणसं थोडी, आवाज थोडे. राघू नवीन गोष्टी उचलत होता. दारावरून जाणाऱ्या कासारणीची हाक, बैलांच्या घुंगरांचा आवाज, गोदीचं खिदळणं. खोकला कमी होत गेला असणार. माझ्या ध्यानात आलं नाही. मला त्याची सवय झाली होती, तो आला की मी हातातलं काम तसंच चालू ठेवायचो. एका वर्षी असाच कापसाचा हंगाम आला, गाड्या लागल्या, धोतरावर तूस बसलं, आणि मला एकाएकी उमगलं की राघूला खोकताना ऐकून कितीतरी महिने झाले. मी पिंजऱ्यापुढे जाऊन बसलो. संध्याकाळपर्यंत बसलो. त्यानं कासारणीची हाक दिली, घुंगरं वाजवली. खोकला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठ दिवस नाही.

ज्या आवाजापायी मी पिंजरा आपटला होता तो आवाज गेला तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला भीती वाटली. सगुणाचं म्हणून जगात दुसरं काहीच उरलं नव्हतं. तिचं चित्र नव्हतं. तिचं लुगडं आईनं कोणाला देऊन टाकलं होतं. राघूशी ती ज्या मोकळ्या आवाजात बोलायची त्यातलं एक अक्षर त्यानं कधी उचललं नव्हतं. तिचा खोकला तेवढा त्याच्या गळ्यात होता, आणि तोही आता नव्हता.

म्हणून मी ते केलं. कोणाला सांगितलं तर वेडा म्हणतील. पाखराला शिकवायचं तर सकाळी, फडकं अर्धं काढलेलं असताना, तेच ते पुन्हा पुन्हा म्हणायचं, हे मी सगुणाला करताना पाहिलं होतं. आई देवळात गेली की मी पिंजऱ्यापुढे पाट घेऊन बसायचो आणि खोकायचो. दोन लहान, एक गिळलेला. आवाज बारीक काढायचो. पदर तोंडाशी असल्यासारखा, उपरण्याचं टोक तोंडाला लावायचो. राघू मान वाकडी करून ऐकायचा. किती दिवस हे चाललं कोण जाणे. माझा घसा सोलून निघाला. मध्येच मला शंका यायची, की तिचा खोकला खरंच असा होता का? पहिला मोठा होता की दुसरा? इतकी वर्षं ऐकलेला आवाज मला नीट काढता येईना.

एका सकाळी मी ओट्यावर सुपारी कातरत बसलो होतो. गोदी आता नऊ वर्षांची होती, आजीच्या हाताखाली भाकरी थापायला शिकत होती. ओसरीतून खोकला आला. माझा अडकित्ता हातातच थांबला. पुन्हा आला. जाड, घोगरा, खरखरीत. पुरुषाचा. राघूनं जे ऐकलं होतं तेच उचललं होतं. सगुणा त्यात कुठेच नव्हती, तो मी होतो.

तेवढ्यात आत भांड्यांचा आवाज झाला, कोणीतरी लगबगीनं उठलं, आणि गोदी बाहेर आली. दोन्ही हात पिठानं भरलेले, त्यात पाण्याचा लोटा कसाबसा धरलेला. पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडत होतं.

"घ्या बाबा, पानी प्या," ती म्हणाली. "केवढं खोकून राह्यले तुमी."

तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. घरात कोणी खोकलं तर हातातलं टाकून उठायचं असतं, हे आम्हा दोन मोठ्या माणसांना एका अख्ख्या हंगामात सुचलं नाही. ओसरीत राघू पुन्हा खोकला. गोदीनं तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिला खरं काय ते कळलं होतं. तरी तिनं लोटा मागे घेतला नाही. मी तो घेतला आणि ती समोर उभी असेपर्यंत सगळं पाणी प्यायलो.